खंडेनवमीची निळी फ्लॉपी

सांगली,
१९ डिसेंबर १९९९

प्रिय संयू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू ते न उघडताच बाजूला टाकशील, हे मला ठाऊक होतं. म्हणून पत्ता बाबांकडून लिहून घेतला. बाबांचं कोर्टात कारकुनी करून घोटीव झालेलं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणाची तरी नोटीस आली. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मग फाड नाहीतर बंबात घाल, शिरवळच्या थंडीत तेवढंच पाणी तापेल. चार वर्षं आमच्या वरच्या खोलीत आपण एकत्र राहिलो, एकमेकींच्या ओढण्या वापरल्या, आणि आता दहा महिने एक शब्द नाही. पत्ता लिहून पेनाचं टोपण लावताना बाबा म्हणाले, "संयोगिताला माझा आशीर्वाद लिही." तो लिहिला. त्यांच्या मनात आणखी पुष्कळ असणार, पण ते बोलत नाहीत. मी मात्र आज सगळं बोलणार आहे.

आधी इकडची खबरबात. मी अजून कॉलेजात शिकवतेच आहे आणि पोरं अजून मला घाबरत नाहीत. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हवा आहे. आमच्या प्राचार्यांनी तर एकतीस तारखेला सगळ्या मशीनचे प्लग काढून ठेवायला सांगितलंय, जणू प्लग काढला की नवीन वर्ष यायचं थांबणार आहे. शौनक नावाचा एक विद्यार्थी फार चुणचुणीत आहे. परवा त्याने जावामध्ये लिहिलेला पायथॉन आणून दाखवला. पायथॉन तोच, भाषा तीच, पण ती वाचून चालवणारा इंटरप्रिटर सगळा निराळ्या घराण्यातला. तो बघताना मला तुझी इतकी आठवण आली की पोराचं अर्धं बोलणं मी ऐकलंच नाही. आणि तासगावला हंबीररावांच्या बेदाण्याच्या शेडची दुरुस्ती सुरू आहे. जानेवारी संपता संपता द्राक्षं रॅकवर चढतील. यंदा त्या शेडमध्ये आपलं मशीन चालणार की नाही, या प्रश्नापासूनच हे पत्र सुरू झालं, पण संपणार दुसरीकडे.

तुला आठवतं, आपण तासगावला पहिल्यांदा गेलो तेव्हा हंबीररावांनी आपल्याला बँकेच्या बायका समजून खुर्च्या मागवल्या होत्या? बेदाण्याच्या शेडमधली हवा मोजायचं मशीन करायचंय, असं तू सांगितल्यावर ते हसले होते. "हवा आमी नाकानं मोजतो, बाई." मग तूच त्यांना तुझ्या वडूजच्या भाषेत समजावलंस. जाळीवर पसरलेली द्राक्षं पंधरा-वीस दिवस वाळतात, मध्येच हवेत ओल वाढली की माल काळा पडतो, आणि नाकाला ओल कळेपर्यंत उशीर झालेला असतो. माझं पुस्तकी मराठी ऐकून त्यांनी मान हलवली होती, तुझं ऐकून त्यांनी शेडचं कुलूप काढून दिलं. शेडभर वायरी ओढल्या त्या तू. त्या वायरींतून येणारं माप कॉम्प्युटरमधल्या कार्डावरून वाचून घेणारा सी मधला भाग लिहिलास तू. मी वरचा पायथॉन लिहिला, म्हणजे तू आणलेले आकडे पडद्यावर मांडायचे, ओल वाढली की घंटी वाजवायची. लोकांना पडदा आणि घंटी दिसायची, म्हणून कौतुक माझं व्हायचं. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस. मीही नाही.

पहिल्या हंगामातली ती दुपार मी अजून पोरांना सांगते. मार्चचं लख्ख ऊन, आभाळात ढगाचा कपटा नाही, आणि आपली घंटी वाजायला लागली. हंबीरराव म्हणाले, यंत्राला ऊन लागलंय. तू त्यांच्याकडे न बघता सरळ शेडच्या बाजूचे पडदे सोडायला लागलीस. तुझ्यामागे मी, माझ्यामागे कुरकुरत गडीमाणसं, आणि शेवटी स्वतः हंबीरराव. तासाभरात सावळजच्या बाजूने वारं फिरलं आणि सर आली. पडद्यामागे सगळा माल कोरडा राहिला. त्या दिवशी त्यांच्या आईने, मनुआजींनी, आपल्या दोघींच्या कडाकडा अलाबला घेतल्या. हंबीररावांनी सावळजच्या मेहुण्यांकडेही असंच मशीन बसवायला सांगितलं. तू वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून म्हणालीस, "आता आपण लय मोठ्या झालो." तुला एवढं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मग शिरवळच्या कारखान्यातली तुझी नोकरी आली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. दसऱ्याला वडूजला जाण्याआधी तू मला निळी फ्लॉपी दिलीस, तुझ्या सी प्रोग्रामचा सगळा मूळ मजकूर, सोर्स, असलेली. कॉलेजच्या लॅबमधली मशीन दर सुट्टीत पुसून कोरी करतात, म्हणून तो तेवढ्या एकाच जागी होता. तू बजावलंस, "आजच्या आज दोन प्रती कर." मी हो म्हटलं. तू यष्टीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा म्हणालीस, मी पुन्हा हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून हंबीररावांकडे जेवायला गेले. फ्लॉपी पर्समध्येच. तिथे ओसरीवर ट्रॅक्टरची चावी, फवारणीचा पंप, विळे, कात्र्या, सगळी हत्यारं मांडली होती. कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली, पडद्यावर मीच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मनुआजींनी विचारलं, "ह्या डबड्यात तुमची इद्या नेमकी कुठं हाय गं?" मी मोठ्या तोऱ्यात पर्समधून तुझी निळी फ्लॉपी काढली आणि म्हटलं, आजी, खरी विद्या यात आहे. त्यांनी तिला पाटावर मानाची जागा दिली. एवढा भाग मी तुला तेव्हाच फोनवर सांगितला होता, आणि तू हसून हसून बेजार झाली होतीस. उरलेला भाग सांगितला नव्हता, तो या पत्रात पुढे येईल.

या फेब्रुवारीत काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत कळलं असेल. तासगावचं जुनं मशीन व्होल्टेजने जळलं. नवीन आणलं, त्यावर मासिकासोबत आलेल्या नव्या सीडीवरचं लिनक्स घातलं, आणि त्याबरोबर पायथॉनही नवा आला, एक पूर्णांक चार जाऊन एक पूर्णांक पाच. माझा भाग बिनतक्रार चालला. तुझा कंपाईल केलेला मॉड्यूल सावळजच्या मशीनवरून उचलून आणून ठेवला, तर नव्या इंटरप्रिटरने, हा दुसऱ्याच मापाचा आहे, अशी एक ओळ कुरकुर केली आणि जागच्या जागी कोसळला. मनुआजींना मी समजावलं की तयार मॉड्यूल म्हणजे शिवणकाम करणाऱ्या सुलाबाईंनी एकीच्या मापाने शिवलेला ब्लाऊज. बाई बदलली की हुकच लागत नाहीत. कापड आणि कटिंग हाताशी असेल तर दुसरीच्या मापाचा तासाभरात शिवून होतो, नुसत्या शिवलेल्या ब्लाऊजवरून काही होत नाही. आजी म्हणाल्या, "मग कापड काढ की." कापड म्हणजे तुझी निळी फ्लॉपी. मी ती घातली. ड्राइव्ह खरखरला, एकदा, दोनदा, पाच वेळा, आणि म्हणाला, यातलं काही वाचता येत नाही.

हंबीरराव दारात उभे होते. हंगाम डोक्यावर, द्राक्षं तोडायला माणसं ठरलेली. त्यांनी विचारलं, आता काय? मी म्हणायला हवं होतं की माझ्या हातून घोळ झाला. मी म्हणाले, मूळ प्रोग्राम संयोगिताकडे आहे, आपल्याकडे तिने नुसता तयार तुकडा ठेवलाय. एवढंच वाक्य. ते मी कसं, का म्हणाले, याचा विचार नंतर शंभरदा केला. नवी नोकरी होती, मशीन बघायला आलेले आमचे प्राचार्य बाजूला उभे होते, तोंडातून निघून गेलं. हंबीरराव म्हणाले, "म्हंजी कुलूप आमच्या दाराला, आन् किल्ली शिरवळला?" आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी वडूजला तुझ्या आबांना फोन लावला. "सुभेदार, लेकीला इंजिनेर केली, इमान शिकवायचं ऱ्हायलं का?" मी तीन फुटांवर उभी होते.

संध्याकाळी शिरवळच्या बूथवरून तुझा फोन आला. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "फ्लॉपी तुझ्या हातात दिली होती ना मी?" मी म्हटलं, त्यात काही नाही. मागे हायवेवरच्या ट्रकांचे आवाज येत होते, आणि तू फोन ठेवलास. त्यात काही नाही. हे खरंही होतं आणि सगळ्यात खोटंही. मार्चमध्ये अवकाळी आला, घंटी वाजायला मशीनच नव्हतं, आणि हंबीररावांची दोन शेडं काळी पडली. तासगावात जो तो म्हणायला लागला की वडूजच्या पोरीने धोका दिला. मी कुणाचंही म्हणणं खोडलं नाही. उशीर होत गेला की खरं बोलणं आणखी आणखी जड होत जातं, हे मी तेव्हा शिकले. पोरांना शिकवण्यासारखं नाही ते.

या दसऱ्याला मी तासगावला जायचंच टाळत होते, पण मनुआजींचा निरोप आला. ओसरीवर तीच मांडणी. सगळ्यांना हळदकुंकू वाहून झाल्यावर आजी माझ्याकडे वळल्या, "ती निळी कुठं हाय गं? तिला आसं उघडून दावली व्हतीस, आत चकाकतं व्हतं." आणि बोटाने त्यांनी ते सरकवून दाखवलं. संयू, तोच उरलेला भाग. गेल्या खंडेनवमीला मी नुसती फ्लॉपी दाखवली नव्हती. ऐट म्हणून तिचं पत्र्याचं झाकण सरकवून आतली काळी चकती उघडी केली आणि म्हटलं, यावर लिहिलंय सगळं. आजींनी बिचाऱ्यांनी देवाला वाहावं तसं चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू नेमकं तिथे वाहिलं. मी झाकण सोडलं, ते खट्टकन मिटलं, आणि आपण फार छान काहीतरी केलं असं वाटून मी पुरणपोळी खायला बसले. फेब्रुवारीत ड्राइव्ह खरखरल्यावर, हंबीररावांचा वडूजचा फोन झाल्यानंतर, मी बाथरूममध्ये जाऊन ते झाकण सरकवलं होतं. बोटाला पिवळं-लाल लागलं. तुझा फोन आला तेव्हा ते बोट मी अजून धुतलंही नव्हतं. म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आजींनी विचारलं आणि माझ्याने पुढे ओसरीवर बसवेना. दिवाळी झाल्यावर मी कुणाला न सांगता वडूजला गेले. सांगलीहून विटा, विट्याहून वडूज, दोन गाड्या करून. माणदेशी वाऱ्याने केसांचं शिप्तर झालेलं, घसा सुकलेला. आबा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसं, झाकणासकट. ते ऐकत राहिले. फौजेतली माणसं ऐकतात तसं, गुडघ्यावर हात ठेवून. माझं संपल्यावर आत काकूंना हाक मारली, "बने, च्या टाक." आणि मला म्हणाले, "पोरी, फोनवर सांगितलं असतंस तर म्या फोन ठिवला असता. तू यष्टीनं आलीस, म्हणून ऐकलं." चहा पिऊन झाल्यावर ते उठले आणि माजघरातून त्यांची फौजेची काळी ट्रंक ओढत बाहेर आणली.

ट्रंकेत वरती गणवेशाची घडी, पट्टा, पदकांची डबी, आणि त्याखाली मेणकापडात गुंडाळलेली कागदांची चळत. कडेला भोकं असलेला, एकाला एक जोडलेला प्रिंटरचा लांब कागद. मी घडी उलगडली आणि तिथेच खाली बसले. तुझा प्रोग्राम. तू दसऱ्याच्या सुट्टीत वाचून तपासायला म्हणून छापून नेला होतास आणि काम झाल्यावर रद्दीत टाकून गेलीस, तो आबांनी उचलून ठेवला. चौदा पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आबा म्हणाले, "म्या काय ह्यातलं वाचलं न्हाई. खंडेनवमीला आमी नांगराचा फाळ मांडतो, माझा पट्टा मांडतो. तवा म्हटलं, पोरगी नांगर धरत न्हाई, बंदूक चालवत न्हाई. तिचं हत्यार म्हंजी ह्येच." पहिल्या पानावर मधोमध हळदकुंकवाचे दोन डाग होते. दोन घरांत, एकाच दिवशी, एकाच विद्येला कुंकू वाहिलं. माझ्याकडचं वाहून गेलं आणि वडूजचं टिकलं. कागदाला कुंकू बाधत नाही. मी आबांसमोर ओक्साबोक्शी रडले, आणि काकूंनी मला परत एक कप चहा दिला.

कागद मी मागितले नव्हते, शप्पथ. मी फक्त कबूल करायला गेले होते. आबांनीच दिले, "काम झालं की परत आणून द्यायचे" या अटीवर. दोन आठवडे मी ते टाइप केले. रिबन फिकी, त्यामुळे स्वल्पविराम कुठला आणि अर्धविराम कुठला ते भिंगातून बघावं लागायचं. एका पानावर कुंकू उमटून तिसऱ्या वायरीच्या दुरुस्तीचा आकडा झाकला गेला होता. तो मी शेडमध्ये दोन थर्मामीटर टांगून, एकाला ओलं फडकं बांधून, चार दिवस बसून काढला. मग नव्या पायथॉनच्या मापाने कंपाईल केला, सावळजच्या जुन्यासाठी जुन्या मापाने केला, आणि दोन्ही आपापल्या नावाच्या कप्प्यांत ठेवले. माझा भाग आता सुरू होताना आधी विचारतो, चालवणारा कोण, आणि त्याच्याच मापाचा मॉड्यूल उचलतो. शौनकच्या जावावाल्याला तर सी चा मॉड्यूल कुठल्याच मापाने बसत नाही. त्याच्यासाठी तुझा भाग मी वेगळा चालवते. तो आकडे साध्या ओळींत एका फायलीत लिहितो, आणि ती फाईल कुणीही वाचावी. सोर्सच्या पाच प्रती केल्या, संयू. पाच. त्यातली एक बाबांच्या कपाटात, जिथे हळदकुंकू जात नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. नवा मॉड्यूल पहिल्यांदा चालवला तेव्हा चार तास छान चालला आणि अचानक पडला. मी दोन दिवस डोकं फोडलं. मग कागद पुन्हा वाचताना अकराव्या पानाच्या कडेला तुझं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: "इथं मोजणी चुकते. परत गेल्यावर बघायचं." अगदी तिथेच होतं. कुठली वस्तू किती जणांनी धरली आहे याची मोजणी पायथॉन ठेवतो, आणि माप न मिळाल्यावर आपण रिकामा निरोप परत पाठवायचो तेव्हा तो धरल्याचं सांगायचं राहिलं होतं. एक ओळ वाढवली. आज बारावा दिवस, एकदाही पडला नाही. पहिल्या हंगामात मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायचं आणि आपण व्होल्टेजला शिव्या घालायचो, आठवतं? व्होल्टेज निर्दोष होतं. तू ते चुलीपुढे बसून नुसत्या कागदावर पकडलं होतंस, कॉम्प्युटरशिवाय. मला समोर मशीन असून दोन दिवस सापडलं नाही.

मागच्या रविवारी हंबीररावांनाही सगळं सांगितलं, मनुआजींच्या समोर. आजींना आधी बाजूला घेऊन समजावलं की त्यांची चूक तिळभर नाही, झाकण मी उघडलं. हंबीरराव शेडच्या खांबाला टेकून उभे होते. माझ्यावर चिडले, चांगले चिडले, आणि मला बरं वाटलं. मग म्हणाले, "तुमच्यावर आरडून काय उपेग. सुभेदाराला मी काय बोललो ते मला रोज आठवतंय." दुसऱ्याच दिवशी ते जीप काढून वडूजला गेले. आबांनी त्यांना जेवायला बसवलं, पण माफीवर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला नगा सांगू. पोरीला सांगा. ती शेडात आली तर मागनं म्या येतो." जानेवारीच्या नऊ तारखेला, रविवारी, मशीन सुरू करायचं ठरलंय. मी त्या दिवशी सकाळी नऊपासून सातारा स्टँडवर उभी असेन. तुला शिरवळहून दीड तास. तिथून पुढे आपण एकाच गाडीने जाऊ. नाही आलीस तर बारा वाजता मी एकटी परत जाईन आणि तुझ्यावर रुसणार नाही, तो हक्क माझा संपलाय. मशीन तुझ्यावाचून चालतं आहे, हे मुद्दाम वर एवढं पाल्हाळ लावून लिहिलं, म्हणजे कामासाठी गोड बोलते असं तुला वाटू नये.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. वडूजहून निघताना आबा मला यष्टीपर्यंत सोडायला आले होते. गाडी सुटायच्या आधी, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले की तू कारखान्यात प्रोग्राम लिहायचं सोडून दिलंस. स्वतः अर्ज करून स्टोअरकडे बदली मागितलीस. घरी आलीस की त्यांना विचारतेस, "आबा, म्या रिकामीच फ्लॉपी दिली असंन का वं?" दहा महिने मी समजत होते की तू माझ्यावर चिडली आहेस. तू माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला होतास. मी त्यात काही नाही म्हटलं, आणि तू स्वतःच्या हातांवर संशय घेत बसलीस. मला माफ करायचं की नाही ते नंतर ठरव, साताऱ्याला येऊ नकोस हवं तर, पण उद्या सकाळी उठून त्या बदलीचा अर्ज मागे घे. सोबत फ्लॉपी पाठवते आहे. सोर्सच्या पहिल्या ओळीत पूर्वी तू माझं नाव आधी आणि तुझं नंतर लिहिलं होतंस. आता तिथे तुझं एकटीचं आहे. आणि हे नीट वाच, हवं तर दोनदा वाच: तू मला दिलेली निळी फ्लॉपी भरलेली होती, संयू. पहिल्या ओळीपासून शेवटच्या कंसापर्यंत भरलेली होती. रिकामी मी केली.

वरच्या खोलीत तुझी जागा अजून राखून ठेवलेली,
तुझीच
अश्लेषा